दिल्ली-मुंबईच्या म्युझियममधल्या वस्तू सोलापूरला कशा आणायच्या: पहिल्या पत्रापासून क्रेट परत जाईपर्यंत

दिवाळी झाली की मला दोन-तीन तरी फोन येतातच. "सर, आमच्या वाचनालयाला पन्नास वर्षं होतायत, प्रदर्शन भरवायचंय, दिल्लीच्या नॅशनल म्युझियमला पत्र टाकून तीन महिने झाले, उत्तरच नाही की ओ." मी विचारतो पत्रात काय लिहिलंय, तर सगळ्यांचं पत्र एकाच साच्यातलं. सोलापूर ही चार हुतात्म्यांची भूमी, १९३० ला इथं मार्शल लॉ लागला होता, सिद्धरामेश्वरांची नगरी, तरी आपल्याकडच्या काही मौल्यवान वस्तू प्रदर्शनासाठी द्याव्यात ही नम्र विनंती, खाली शिक्का आणि अध्यक्षांची सही. यातलं एक अक्षरही खोटं नाही, पण तिकडं टेबलावर बसलेल्या माणसाला जे कळायला पाहिजे ते यात कुठंच नाही. कुठली वस्तू पाहिजे, किती दिवस, कुठल्या खोलीत ठेवणार, त्या खोलीत ऊन येतं का, रात्री किल्ली कुणाकडं असते.

गाव लहान आहे म्हणून कुणी नाही म्हणत नाही. वस्तू जिथं येणार ते घर तयार दिसत नाही म्हणून पत्र बाजूला पडतं. म्हणून हा लेख पत्रापासून सुरू करत नाही, पत्र बरंच खाली येईल.

आधी, नेमकं काय पाहिजे ते ठरवा

"काहीतरी चांगलं द्या" असं मागितलं की काहीच मिळत नाही. वस्तू अशी मागायची की ती सोलापुरातच का, हे एका वाक्यात सांगता आलं पाहिजे. आणि आपल्याकडं अशी नाती भरपूर आहेत, फक्त कुणी बसून यादी करत नाही.

तेर घ्या. धाराशिव जिल्ह्यात आहे, आपल्यापासून दीड-दोन तास. तिथं सापडलेली हस्तिदंती बाई आणि इटलीत, रोमन काळातल्या पॉम्पेईला १९३८ मध्ये सापडलेली हस्तिदंती बाई, दोघी बहिणी वाटाव्यात इतक्या सारख्या आहेत. पॉम्पेईची आता नेपल्सच्या म्युझियममध्ये आहे, तेरमध्ये लामतुरे यांच्या नावाचं सरकारी वस्तुसंग्रहालय आहे. तेर म्हणजे जुनं तगर, रोमपर्यंत कापड जायचं इथून. ज्या गावाचं अजून कापडावर पोट आहे त्या गावात ही गोष्ट सांगायला तुम्हाला वेगळं कारण शोधावं लागत नाही.

चित्रकार एम. एफ. हुसेन जन्मले पंढरपुरात, म्हणजे आपल्याच जिल्ह्यात. नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टकडं हुसेन आहेत, आणि त्यांची एक शाखा १९९६ पासून मुंबईत आहे, दिल्लीला जायची गरज नाही. हुसेनांचं चित्र मागा असं मी म्हणत नाही, त्याचा विमा ऐकून खजिनदार राजीनामा देतील. पण नातं कसं दाखवायचं ते यावरून कळावं.

माझी सगळ्यात आवडती कल्पना मात्र चादरीची. आपल्याकडं चादर जेकार्ड मागावर निघते, वर पुठ्ठ्याच्या भोकाच्या पट्ट्या फिरतात आणि त्या भोकांवरून कुठला दोरा उचलायचा ते ठरतं. जाकार नावाच्या फ्रेंच माणसानं १८०४ च्या आसपास हे यंत्र केलं, त्यावरून चार्ल्स बॅबेजनं आपल्या गणित करणाऱ्या यंत्रासाठी भोकाची कार्डं घेतली, आणि पुढं कित्येक वर्षं कॉम्प्युटरला माहिती अशा कार्डांवरूनच दिली जायची. म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातल्या, विणकरांच्या वस्तीतल्या कुठल्याही जुन्या कारखान्यात कॉम्प्युटरची पणजी उभी आहे, आणि पोरं वरती मोबाईल बघत बसलीत. ही गोष्ट घेऊन तुम्ही मुंबईच्या नेहरू सायन्स सेंटरकडं गेलात तर ते कान देऊन ऐकतील, कारण त्यांच्याकडं सांगायला कॉम्प्युटर आहे आणि तुमच्याकडं दाखवायला माग आहे. केगावकडं आपलं स्वतःचं सायन्स सेंटरही आहे, पहिला चहा तिथं प्या.

आणि एक, नकाशा नीट बघा. आपण सवयीनं मुंबईकडं तोंड करतो, पण मुंबई चारशे किलोमीटर आणि हैदराबाद तीनशे. हैदराबादचं सालारजंग म्युझियम १९६१ च्या कायद्यानं राष्ट्रीय महत्त्वाची संस्था आहे, आणि आपल्या निम्म्या पूर्व भागाची घरातली भाषा तेलुगू आहे. तिथून एखादी वस्तू आली तर ती पाव्हणी म्हणून येणार नाही, माहेरचीच वाटेल. तरी सोलापुरातून तिकडं पत्र गेल्याचं मी फार कमी ऐकलंय.

पहिल्या वर्षी मूळ वस्तू मागू नका

लोकांना हे पटत नाही, पण अनुभवानं सांगतो. ज्या संस्थेनं याआधी काहीच हाताळलेलं नाही तिला पहिल्याच फटक्यात मूळ वस्तू कुणी देणार नाही, आणि दिली तर तुमची झोप जाईल.

पहिली पायरी, चाकावरची म्युझियम. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची, आपण अजून प्रिन्स ऑफ वेल्स म्हणतो ते, २०१५ पासून 'म्युझियम ऑन व्हील्स' म्हणून बस फिरते. राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या फिरत्या विज्ञान प्रदर्शनाच्या बसेस तर त्याहून कितीतरी जुन्या, ही कल्पना कोलकात्याच्या बिर्ला म्युझियमनं १९६५ ला सुरू केली. बससाठी तुम्हाला काय लागतं? सपाट मैदान, वळायला जागा, लाईटचं कनेक्शन, बसबरोबरच्या माणसांची राहायची-जेवायची सोय आणि शाळांचं टाइमटेबल. एवढंच. पण हे 'एवढंच' नीट केलं की तुमचं नाव तिकडं चांगल्या यादीत जातं. आमच्या वेळी बस ज्या शाळेत यायची होती त्या शाळेचं गेट बसपेक्षा अर्धा फूट अरुंद निघालं, शेवटी रस्त्यावर उभी करून पोरांना रांगेनं बाहेर आणलं. तेव्हापासून मी टेप घेऊन जातो. गेटची रुंदी, वरच्या कमानीची उंची आणि लोंबणाऱ्या वायरी, तिन्ही मोजायच्या.

दुसरी पायरी म्हणजे नकला आणि फलक. नॅशनल म्युझियम आपल्या वस्तूंच्या प्लास्टरच्या नकला तयार करतं आणि विकतं. मोहेंजोदडोची नाचणारी मुलगी मूळ जेमतेम साडेदहा सेंटिमीटरची आहे, म्हणजे आपल्या तळहाताएवढी, फोटोत ती माणसाएवढी वाटते. नक्कल हातात दिली की पोरगं गप्प होतं. मूळ वस्तू काचेच्या आत राहते, नक्कल हातात घेता येते, अंध मुलांच्या शाळेला तर नकलाच पाहिजेत. त्यामुळं नकलांना कमी समजू नका, मूळ वस्तू आली तरी शेजारी एक नक्कल ठेवा. फलकांसाठी फोटो शोधायला 'म्युझियम्स ऑफ इंडिया' हे सरकारी पोर्टल आहे, पुण्याच्या सी-डॅकनं केलेल्या 'जतन' सॉफ्टवेअरवर चालतं, घरबसल्या बऱ्याच मोठ्या म्युझियमच्या वस्तू नंबरासकट दिसतात. तो नंबर लिहून ठेवा, पुढं पत्रात लागणार आहे.

छापण्याआधी मात्र परवानगी घ्या. चित्रकार वारल्यानंतर साठ वर्षं कॉपीराइट राहतो. राजा रविवर्मा १९०६ ला गेले, तिथं प्रश्न नाही. हुसेन २०११ ला गेले, म्हणजे फ्लेक्सवर त्यांचा घोडा परस्पर छापायचा नाही. म्युझियमनं काढलेल्या फोटोची परवानगी वेगळी, तीही लेखी.

असे दोन उपक्रम पार पाडले की मग मूळ वस्तूचं बोला.

खोली

सगळं इथं ठरतं, म्हणून इथं थांबतो.

सोलापूरची हवा वस्तूंना वाईट आहे. नुसतं ऊन नाही, कोरडेपणा. एप्रिलमध्ये दुपारी हवेतला दमटपणा वीस-पंचवीस टक्क्यांवर येतो आणि सप्टेंबरात, आपल्याकडं पाऊस खरा तेव्हाच पडतो, तोच वर जातो. लाकूड, हस्तिदंत, कागद, जुनं कापड यांना चाळीस ते साठ टक्क्यांच्या आत आणि शक्यतो एका जागी थांबलेलं पाहिजे असतं. वर-खाली, वर-खाली झालं की लाकूड तडकतं, रंगाचे पोपडे निघतात. म्हणून म्युझियमवाले पहिलं विचारतात की तुमच्याकडं वर्षभराचे आकडे आहेत का. आपल्याकडं नसतात. उपाय स्वस्त आहे, डिजिटल हायग्रोमीटर आणा, ज्यात आकडे आपोआप साठतात तो डेटा लॉगर आणलात तर उत्तमच, आणि ज्या खोलीत प्रदर्शन करायचंय तिथं आजच ठेवून द्या. वर्षभर. हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि याच कागदानं सगळ्यात जास्त दारं उघडतात.

एसी असला म्हणजे झालं असं नाही. आपल्याकडं एसी सकाळी अकराला चालू आणि संध्याकाळी शिपाई जाताना बंद. म्हणजे दिवसा चोवीस डिग्री आणि रात्री पस्तीस, हे झोपाळे वस्तूला एसी नसण्यापेक्षा वाईट. लावायचा तर चोवीस तास, नाहीतर सरळ जाड भिंतींची, उत्तरेकडं खिडकी असलेली जुनी दगडी खोली शोधा. गावात अशा खोल्या आहेत, जुन्या वाड्यांत, जुन्या शाळांत, त्या स्वतःच बऱ्यापैकी थंड राहतात. मग फक्त काचेच्या कपाटाच्या आत सिलिका जेल ठेवून आतलं हवामान सांभाळता येतं, अख्खी खोली सांभाळण्यापेक्षा कपाट सांभाळणं सोपं.

उजेड. कापड, कागद, जलरंग यांना पन्नास लक्सच्या वर उजेड नको. पन्नास लक्स म्हणजे किती? भर दुपारी होम मैदानावर लाखभर लक्स असतात, आपल्या घरच्या ट्यूबलाईटखाली दीड-दोनशे. पन्नास म्हणजे संध्याकाळी लाईट लावायच्या जरा आधीचं घर. फोनमधलं लक्सचं ॲप अंदाजाला ठीक, पण मीटर भाड्यानं किंवा कॉलेजच्या फिजिक्स लॅबमधून आणा. आमच्या पहिल्या प्रदर्शनात, तेव्हा नशिबानं सगळी कापडं गावातलीच होती, खोली सकाळी बघितली होती, झकास सावली. संध्याकाळी पाचला पश्चिमेच्या झरोक्यातून उन्हाची एक पट्टी आली आणि बरोबर एका जुन्या नऊवारीच्या काठावर जाऊन बसली. आठ दिवस रोज अर्धा तास. काढताना बघितलं तर काठाचा तेवढा तुकडा फिका, लुगडं एका मावशींच्या आजीचं, त्या काही बोलल्या नाहीत पण नंतर कुठल्याच प्रदर्शनाला काही दिलं नाही त्यांनी. तर खोली दिवसातून चार वेळा बघा, आणि ज्या महिन्यात प्रदर्शन आहे त्याच महिन्यात बघा, सूर्य सरकतो.

सुरक्षा. दोन किल्ल्या, दोन माणसं, एक वही. चोवीस तास माणूस, नुसता कॅमेरा चालत नाही. काचेची कपाटं कुलूपवाली, काच फुटली तर तुकडे वस्तूवर पडणार नाहीत अशी लॅमिनेटेड. फायर ब्रिगेडचं ना-हरकत घ्याच, आणि सिलिंडर ठेवताना विचारून कार्बन डायऑक्साइडचं घ्या, पावडरचं फवारलं तर आगीतून वाचलेल्या कापडाची पावडरच वाट लावते. लाईट जाणार हे धरूनच चला. कॅमेऱ्याला इन्व्हर्टर आणि एसीला जनरेटर, आणि जनरेटर खिडकीपासून लांब, धूर आत येतो. छतावरच्या पाण्याच्या टाक्या बघा, आपल्याकडं पाणी रोज येत नाही म्हणून प्रत्येक गच्चीवर टाक्यांचं गाव असतं आणि त्यातली एक नक्की आपल्या खोलीवर असते, पाणी सुटलं की भरून वाहणारी.

हे सगळं लिहून, फोटो लावून, खोलीचा नकाशा जोडून एक फाईल करा. म्युझियमच्या भाषेत त्याला फॅसिलिटी रिपोर्ट म्हणतात. आठ-दहा पानं पुरतात. जे नाही ते नाही असं लिहा. "एसी नाही, पण वर्षभर तापमान असं राहिलं" हे वाचून त्यांचा विश्वास वाढतो, "सर्व अत्याधुनिक सुविधा उपलब्ध" वाचून कमी होतो.

आता पत्र

दीड पान. पहिल्या परिच्छेदात वस्तू, नंबरासकट, आणि सोलापूरच का. दुसऱ्यात तारखा आणि खोली. तिसऱ्यात याआधी तुम्ही काय केलंय. सोबत ती फाईल. हुतात्मे, मार्शल लॉ वगैरे प्रदर्शनाचा विषय तोच असेल तरच.

पत्र संचालकांच्या नावानं, पण त्याआधी त्या विभागाच्या क्युरेटरशी, म्हणजे तो संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याशी, फोनवर बोला, जमलं तर जाऊन भेटा. सकाळची वंदे भारत पकडून मुंबईला जाऊन रात्री परत येता येतं, एक शेंगाचटणीचं पाकीट बरोबर असू द्या, लाच नाही, ओळख. मुंबईचं वस्तुसंग्रहालय ट्रस्टचं आहे, तिथं निर्णय त्या मानानं लवकर होतात. केंद्र सरकारच्या म्युझियममध्ये फाईल समितीकडं, मंत्रालयाकडं फिरते, तिथं आठ महिने ते वर्ष धरा. राज्याच्या संग्रहातलं काही हवं असेल तर मुंबईला पुरातत्त्व आणि वस्तुसंग्रहालये संचालनालय आहे. तुमची संस्था छोटी असेल तर एकट्यानं मागू नका, विद्यापीठ, महापालिका किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाला सहआयोजक घ्या, जबाबदारीचा कागद त्यांच्या लेटरहेडवर गेला की वजन पडतं.

होकार आला की करार येतो. न वाचता सही करू नका. त्यात बघायचं ते विम्याचं कलम. विमा 'खिळ्यापासून खिळ्यापर्यंत' लागतो, म्हणजे त्यांच्या भिंतीवरून वस्तू उतरली तिथपासून ते परत त्याच भिंतीवर चढेपर्यंत, मधला ट्रक, हॉटेल, तुमचं गोडाऊन सगळं आलं. किंमत ते ठरवतात, हप्ता तुम्ही भरता. वाहतूक, क्रेट (वस्तू ठेवून पाठवायचं खोकं) आणि वस्तूबरोबर येणाऱ्या त्यांच्या माणसाचं येणं-जाणं-राहणंही बहुतेक वेळा तुमच्याकडंच.

गावातल्या लोकांच्या घरच्या जुन्या वस्तूही मांडणार असाल, आणि मांडाच, तर १९७२ चा पुरावशेष कायदा बघून घ्या. शंभर वर्षांपेक्षा जुनी मूर्ती, चित्र, किंवा पंच्याहत्तर वर्षांपेक्षा जुनी सचित्र पोथी असेल तर नोंदणी लागते. देवघरातली म्हणून सूट नाही. आणि कुणी "शेतात सापडलेली नाणी आहेत, मांडता का" म्हणालं तर हात जोडा, दहा रुपयांच्या वरचा सापडलेला ठेवा कलेक्टरला कळवावा लागतो, हा कायदा १८७८ चा आहे आणि अजून चालू आहे.

पैसे

लवकर सांगतो. कंपन्यांच्या सीएसआरमध्ये, म्हणजे समाजासाठी करायच्या खर्चात, राष्ट्रीय वारसा, कला, संस्कृती, हस्तकला बसतात, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात स्पष्ट लिहिलंय, त्या ओळीची झेरॉक्स प्रस्तावाला लावा म्हणजे "यात बसत नाही" म्हणता येत नाही. कारखानदारांकडं पैसे मागण्यापेक्षा वस्तू मागा, एकानं जनरेटर, एकानं कपाटं, एकानं विम्याचा हप्ता. तुम्ही स्वतःच म्युझियम चालवत असाल तर केंद्राची संग्रहालय अनुदान योजना वेगळी आहे. तिकीट लावू नका, दहा रुपये लावले तरी विडी वळणारी बाई चार पोरांना घेऊन येताना विचार करते.

तारीख

जागतिक म्युझियम दिन १८ मे, १९७७ पासून जगभर साजरा होतो. ज्यांनी ठरवला ते सोलापूरला मे मध्ये आले नसणार. आपल्याला नोव्हेंबर ते फेब्रुवारी. त्यातही १९ ते २५ नोव्हेंबर वारसा सप्ताह असतो, सरकारी खात्यांना तेव्हा काहीतरी करायचंच असतं, त्यांना तयार कार्यक्रम द्या. मात्र कार्तिकी कधी आहे ते बघा, बंदोबस्त सगळा पंढरपूरला गेलेला असतो. जानेवारीत संक्रांतीला सिद्धरामेश्वरांची गड्डा यात्रा. यात्रेत अख्खा जिल्हा होम मैदानावर असतो म्हणून नकला-फलकांचं प्रदर्शन तेव्हाच करा, गर्दी आयती. मूळ वस्तू त्या दिवसांत अजिबात नको.

क्रेट येतो तेव्हा

सगळ्यांना उघडायची घाई असते, फोटोग्राफर उभा असतो. उघडायचा नाही. क्रेट खोलीत नेऊन चोवीस तास तसाच ठेवायचा, आतल्या वस्तूला बाहेरच्या हवेची सवय हळूहळू होऊ द्यायची. दुसऱ्या दिवशी त्यांचा माणूस आणि तुमचा माणूस, दोघंच. अंगठ्या, घड्याळ, गळ्यातलं आयकार्ड काढून, नायट्राइलचे हातमोजे घालून. टेबलावर जाड फोम, त्यावर ॲसिड नसलेला पांढरा कागद. वस्तूबरोबर एक कंडिशन रिपोर्ट येतो, त्यात फोटोवर खुणा केलेल्या असतात, इथं टवका, इथं जुनी भेग. ते एकेक जुळवायचं, टॉर्च तिरका धरून. काही नवीन दिसलं तर तिथंच लिहून दोघांच्या सह्या, आत्ता लाजून सोडलेली भेग परत जाताना तुमच्या नावावर लागते. स्क्रू, फोम, क्रेटची झाकणं एका खोलीत नंबर टाकून ठेवा. आमच्या मांडववाल्यानं एकदा रिकामा क्रेट जळण समजून बाजूला काढला होता, थोडक्यात वाचला.

उद्घाटन बाहेर करा

समई, उदबत्ती, नारळ, हार, बुके, सगळं पोर्चमध्ये. फुलांतून किडे येतात, धूर कापडात बसतो, नारळाचं पाणी कुठं उडेल सांगता येत नाही. पेढे आणि चहा पण बाहेरच, पडलेल्या एका कणासाठी रात्री उंदीर येतो. प्रमुख पाहुण्यांना हे आठ दिवस आधी सांगा, त्यांच्या पीएला लेखी सांगा. आमच्याकडं एका पाहुण्यांनी फोटोसाठी कपाट उघडायला सांगितलं होतं, किल्ली ज्या बाईंकडं होती त्या शांतपणे म्हणाल्या, दुसरी किल्ली हैदराबादला आहे साहेब. नव्हती. पण दोन किल्ल्यांचा नियम का असतो ते मला तेव्हा पूर्ण कळलं.

बघायला येणारी माणसं

पाट्या मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू, चारीत. इंग्रजी खाली बारीक. एका पाटीला पन्नास शब्द पुरे, अक्षर मोठं, कारण उजेड कमी आहे. भाषांतर गावातल्या शिक्षकांकडून करून घ्या आणि छापायच्या आधी त्या भाषेतल्या कुणा आजीला वाचून दाखवा. मुलांसाठी पाटी तीन फुटांवर. शाळेची पोरं एका वेळी चाळीस, त्याहून जास्त नको, जिल्हा परिषदेच्या शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र असेल तर सांगोला-करमाळ्याच्या शाळापण येतात, पण एसटीचं भाडं कोण देणार ते आधी ठरवा. वेळ सकाळी अकरा ते पाच ठेवलीत तर फक्त रिकामटेकडे आणि पाहुणे येतील, आठवड्यातून दोन दिवस रात्री नऊपर्यंत उघडं ठेवा, आणि कारखान्यांची सुट्टी ज्या दिवशी असते त्या दिवशी दिवसभर.

पोरं गाईड म्हणून ठेवताना इतिहासाचीच नको. आमची सगळ्यात चांगली गाईड पॉलिटेक्निकची मुलगी होती, वडील मागावर, ती प्रत्येक नक्षीत दोरे मोजून दाखवायची.

एक प्रसंग सांगतो. कापडांच्या प्रदर्शनाला दत्त नगरहून एक म्हातारे पद्मशाली, म्हणजे तेलुगू विणकर समाजातले, गृहस्थ आले, धोतर, पांढरा शर्ट, चष्म्याला दोरी. एका जुन्या विणीच्या तुकड्यापुढं दहा मिनिटं उभे. मी पाटी वाचून दाखवायला लागलो तर हातानंच थांबवलं आणि म्हणाले, "उलटी बाजू दाखवा की ओ, सुलटी कुणीपण चांगली करतो." आम्ही कापड उचलू शकत नव्हतो. ते हसले आणि निघाले. त्या रात्री आम्ही कपाटाच्या तळाला तिरका आरसा बसवला, कापड वर ॲक्रिलिकच्या पट्ट्यांवर. दुसऱ्या दिवशी त्यांना बोलावून आणलं, ते वाकले, आरशात बघितलं, तेलुगूत नातवाला काहीतरी सांगितलं, बराच वेळ सांगत राहिले, आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्या गल्लीतली वीस-पंचवीस माणसं आली. तेव्हापासून कापड मागताना मी पत्रातच लिहितो, मांडणी दोन्ही बाजू दिसतील अशी करायची आहे. क्युरेटर लोकांना हे वाक्य फार आवडतं, असं माझ्या लक्षात आलंय.

जोडीला कार्यक्रम

नुसत्या वस्तूंवर पंधरा दिवस गर्दी टिकत नाही, मध्ये शनिवार-रविवार नाच-गाणं, प्रात्यक्षिक पाहिजे. महाराष्ट्र दोन सांस्कृतिक केंद्रांत येतो हे बऱ्याच जणांना माहीत नसतं, उदयपूरचं पश्चिम क्षेत्र आणि नागपूरचं दक्षिण मध्य क्षेत्र, दोन्हीकडं अर्ज करता येतो, ते लोककलावंतांची पथकं पाठवतात. ललित कला अकादमीकडं चित्रकारांच्या शिबिरासाठी विचारा. हुतात्मा स्मृती मंदिर आधी बुक करा, नाटकांच्या तारखा पडलेल्या असतात. पथकाला गरम जेवण आणि आरसा असलेली ग्रीनरूम मिळाली की पुढच्या वर्षी ती स्वतःहून येतात, आपली कडक भाकरी मात्र आधी सांगून वाढा, परराज्यातल्या एकाचा दात दुखावला होता.

परत पाठवणी

शेवटच्या दिवशी सगळे थकलेले असतात आणि चुका तेव्हाच होतात. समारोप आणि पॅकिंग एका दिवशी ठेवू नका. परत तोच कंडिशन रिपोर्ट, तोच तिरका टॉर्च, त्याच दोघांच्या सह्या. नंबर टाकलेला फोम त्याच जागी. ट्रक रात्रीचा काढा, उन्हात पत्र्याची बॉडी भट्टी होते, आणि ड्रायव्हरला सांगा की मध्ये कुठं थांबणार ते आधी लिहून दे. ट्रक गेला म्हणजे संपलं असं समजून विमा बंद करू नका, तिकडं क्रेट उघडून वस्तू ठीक मिळाल्याचं लेखी आलं की मगच. दरम्यान लॉगरमधले पंधरा दिवसांचे आकडे, किती शाळा, किती माणसं, काय चुकलं, ते चार पानांत लिहून क्युरेटरना पाठवा, चुकलेलं वगळू नका. आम्ही आरशाचा फोटो पाठवला होता. आठवड्याभरात तिकडून मेल आला, आरसा किती अंशात लावला होता म्हणून.